तेरीज जुळली, तरी नोंद तपासावी



मराठीत एखाद्याला 'बुद्धिवादी' म्हटलं की ऐकणारा लगेच समजतो, हा माणूस देव मानत नसणार आणि सत्यनारायणाच्या प्रसादालाही नाही म्हणणार. या समजुतीला आपल्याकडे कारणही आहे. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढलं, तेव्हापासून रूढीला प्रश्न विचारणारा तो बुद्धिवादी, अशी ओळख पक्की झाली. पुढे १९९० साली प्रा. दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून 'आजचा सुधारक' सुरू केलं आणि त्यात विवेकवादावर सविस्तर लिहिलं. तिथेही रोख साधारण तोच होता. जे पटेल असा पुरावा आहे तेवढंच माना.

पण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात बुद्धिवादी म्हणून ज्या तिघांची नावं हमखास येतात, ते तिघेही ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करायला बसले होते! फ्रान्सचा रने देकार्त, हॉलंडचा बारूक स्पिनोझा आणि जर्मनीचा लायब्निझ. काळ सतराव्या शतकातला, म्हणजे इकडे शहाजीराजे, शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांचा. या तिघांच्या बुद्धिवादाचा अर्थ वेगळा आहे. डोळे, कान, नाक जे सांगतात त्यावर खरं ज्ञान उभं राहत नाही, ते बुद्धीतून येतं. भूमितीत जसं एकातून दुसरं निघतं तसं निघतं, असं त्यांचं म्हणणं. आणि आपण जैन? जग निर्माण करणारा ईश्वर आपण मानतच नाही, तरी गावात आपल्याला धार्मिक लोक म्हणतात. शब्दांची गंमत असते ती अशी.

हे सगळं मी का वाचत बसले, ते सांगते. माझी पुतणी पुण्यात बी.ए. करते. तत्त्वज्ञान विषय घेतला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती साजगावला आमच्याकडे आली, ती कार्तिकी एकादशीची यात्रा बघूनच जाईन म्हणाली. दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की सूर्यास्ताआधी जेवायला बसताना ती घड्याळाकडे बघते आणि गप्प बसते. एक दिवस म्हणाली, "काकू, हॉस्टेलवर मेस साडेसातला उघडते. मी आता रात्री जेवते. मम्मीला सांगितलेलं नाही. तुम्ही मला एक कारण सांगा, बुद्धीला पटेल असं. पटलं तर परत पाळेन. 'आपल्यात असंच असतं' हे कारण चालणार नाही."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण खोटं बोलून पाळल्याचं दाखवणारी मुलंही मी पाहिली आहेत. पण उत्तर मात्र मी लगेच दिलं नाही. मी १९८२ ची बी.कॉम. कोणी हिशोब विचारला तर आधी त्याची वही बघायची, ही आमची शिकवण. मी तिला म्हटलं, "तू ज्यांच्याकडून हे शिकलीस, ते आधी मला वाचू दे." तिच्या नोट्स घेतल्या, वाईच्या मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचल्या, अडलं तिथे तिला विचारलं. दुपारची दोन ते चार ही वेळ माझीच असते.

आधी देकार्त. हा १५९६ साली जन्मला. शाळेत उत्तम शिकला आणि शेवटी त्याला वाटलं की शिकलेल्यातलं खात्रीचं फारच थोडं आहे. मग त्यानं ठरवलं, ज्यावर जराही संशय घेता येईल ते सगळं बाजूला काढायचं. डोळे फसवतात, ते बाजूला. स्वप्नातही सगळं खरंच वाटतं, म्हणून जागेपणाचं जगही बाजूला. शेवटी एकच गोष्ट उरली. मी संशय घेतो आहे, म्हणजे विचार करतो आहे, आणि विचार करणारा मी आहे, यावर संशय घेता येत नाही. १६३७ आणि १६४१ च्या त्याच्या पुस्तकांत हा प्रवास आहे. धान्य निवडताना आपण सूप रिकामं करून सुरुवात करतो, तसंच मला ते वाटलं.

त्याचं मेणाचं उदाहरण तर स्वयंपाकघरात शोभेल असं आहे. पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण घ्या. त्याला मधाची चव आहे, फुलांचा वास आहे, ते कडक आणि गार आहे, बोट आपटलं तर आवाज येतो. आता ते विस्तवाजवळ न्या. वास गेला, आकार गेला, कडकपणा गेला, आवाजही गेला. इंद्रियांनी सांगितलेलं सगळं बदललं, तरी आपण म्हणतो हे तेच मेण. मग 'तेच' हे कोणी ओळखलं? डोळ्यांनी नाही, नाकानं नाही. बुद्धीनं ओळखलं.

मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक मिटलं आणि थोडी बसून राहिले. आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचं उदाहरण आहे. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदी होतो आणि ज्याला सोनंच हवं होतं त्याला काहीच फरक पडत नाही. तिथेच दूध, दही आणि गोरस यांचंही उदाहरण येतं. पर्याय बदलतात, द्रव्य टिकतं. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे आपण पाठशाळेत पाठ केलं होतं. देकार्तनं मेणात ध्रौव्य शोधलं आणि बदलणाऱ्या बाजूला फार किंमत दिली नाही. आपल्याकडे दोन्ही बाजू खऱ्या मानतात. 'आमच्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणायचा मोह मला होतो, पण तसं म्हटलं की दोघांचंही नीट वाचन होत नाही. प्रश्न मिळताजुळता आहे, उत्तर वेगळं आहे, एवढंच म्हणावं.

इंद्रियांच्या बाबतीत मात्र जवळीक खूप आहे. आपण एरवी डोळ्यांनी पाहिलेल्याला प्रत्यक्ष म्हणतो. तत्त्वार्थसूत्रात उलट आहे. मतिज्ञान आणि श्रुतज्ञान, म्हणजे इंद्रियं, मन आणि शास्त्र यांच्या आधारानं होणारं ज्ञान, हे परोक्ष. अवधी, मनःपर्यय आणि केवल ही तीन प्रत्यक्ष, कारण त्यांत आत्म्याला मधला दलाल लागत नाही. नंतरच्या आचार्यांनी इंद्रियज्ञानाला व्यवहारापुरतं प्रत्यक्ष म्हणायची मुभा दिली. ज्ञान बाहेरून भरलं जात नाही. ते आत्म्यात आहेच, ज्ञानावरणीय कर्मानं झाकलेलं आहे. देकार्त आणि लायब्निझही म्हणतात की काही कल्पना आपण जन्मतःच घेऊन येतो. पुतणीला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा वही उघडून काहीतरी लिहून घेतलं.

देकार्तला सगळ्यात अडचणीचा प्रश्न एका बाईनं विचारला, हे वाचून मला फार आनंद झाला. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला आलेलं, वय चोवीस. मे १६४३ मध्ये तिनं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: तुम्ही म्हणता आत्मा वेगळा, त्याला लांबी-रुंदी नाही, शरीर वेगळं, ते जागा व्यापतं. मग ज्याला आकारच नाही तो आत्मा शरीराला ढकलतो कसा? देकार्तनं उत्तरं दिली, पण तिचं समाधान झालं नाही आणि तिनं तसं नम्रपणे कळवलंही. घरच्या जबाबदाऱ्या आणि लोकव्यवहार यांमुळे चिंतनाला पुरेसा वेळ मिळत नाही, असंही तिच्या पत्रात येतं. चारशे वर्षांपूर्वीची राजकन्या, पण वाक्य आपल्या ओळखीचं! देकार्तनं शेवटी असं कळवलं की आत्मा आणि शरीर यांचं एकत्र असणं तत्त्वचिंतनानं कळत नाही, ते रोजच्या जगण्यातूनच कळतं. १६४४ चं पुस्तक त्यानं तिलाच अर्पण केलं. हा प्रश्न आपल्यालाही आहेच. अमूर्त जीवाला मूर्त कर्म चिकटतं कसं? आपले आचार्य म्हणतात की संसारी जीव कर्मापासून सुटा असा कधी नव्हताच, बंध अनादी आहे. 'पहिल्यांदा कसं चिकटलं' हा प्रश्न मग उरत नाही, पण 'कसं चिकटतं' याचा विचार करावाच लागतो.

इथपर्यंत माझी आणि देकार्तची चांगली गट्टी जमली होती. मग पुतणीनं मला त्याचं प्राण्यांविषयीचं मत वाचायला दिलं.

देकार्तनं जगाचे दोन भाग केले. एका बाजूला विचार करणारा आत्मा, दुसऱ्या बाजूला जागा व्यापणारा जड पदार्थ. मग बैल कुठे बसवायचा? बैल बोलत नाही, युक्तिवाद करत नाही, म्हणून त्याच्याकडे विचार करणारा आत्मा नाही. म्हणजे तो दुसऱ्या खात्यात. ईश्वरानं केलेलं एक अतिशय बारीक कलाकुसरीचं यंत्र, घड्याळासारखं. देकार्तनं स्वतः एका पत्रात प्राण्यांचं जीवन आणि शरीराच्या अंगानं होणारी संवेदना नाकारत नाही असंही लिहिलं आहे, आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्याच्या मागून आलेल्या काहींनी सरळ म्हटलं की कुत्रं ओरडतं ते दुखतं म्हणून नाही, घड्याळ वाजतं तसं ते वाजतं.

आमच्याकडे कार्तिकी एकादशीला ताकईच्या विठोबाची यात्रा भरते. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही ते इकडे येतात, म्हणून धाकटी पंढरी. लोक प्रेमानं बोंबल्या विठोबा म्हणतात. यात्रेत घोंगड्या असतात, सुकटी-बोंबलाचा मोठा बाजार असतो आणि बैलांचा बाजार असतो. सुकटीच्या बाजूला आम्ही जात नाही, पण त्या बायका उन्हातान्हात बसून संसार चालवतात हे मला दिसतं, त्यामुळे नाक मुरडायला कोणाला शिकवत नाही. पुतणीला बैलबाजार बघायचा होता. ती, मी आणि आमचे हे, तिघं गेलो.

खरेदी करणारे दात बघत होते, शेपटी पिरगाळून बघत होते, चालवून बघत होते. एक पांढरा बैल होता. त्याच्या मानेशी हात नेला की तो अंग चोरून मागे सरायचा. पुतणीनं मालकाला विचारलं, "काका, हा असं का करतो?" त्यांनी तिच्याकडे नवलानं बघितलं. म्हणाले, "खांदा सुजलाय. दुखतोय त्याचा. हात लावू देत नाय." आणि भाव ठरवायच्या बोलण्याला लागले. त्यांना बैल विकायचाच होता, जैनांचा उपदेश त्यांनी ऐकलेला नव्हता. तरी बैलाला दुखतं हे सांगायला त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

परत येताना पुतणी म्हणाली, "काकू, पण दुखतं हे त्यांनी सिद्ध कुठे केलं?" मी म्हटलं, "चल घरी, मग सांगते." कारण मला स्पिनोझा अजून वाचायचा होता.

स्पिनोझाचं चरित्र वाचताना मला एखाद्या व्रती श्रावकाची आठवण येत होती. १६३२ साली ॲमस्टरडॅममध्ये, पोर्तुगालहून आलेल्या ज्यू व्यापारी कुटुंबात जन्म. वडिलांच्या मागे भावाबरोबर काही काळ पेढीही चालवली. वयाच्या तेविसाव्या वर्षी, जुलै १६५६ मध्ये, त्याच्या समाजानं त्याला मतांसाठी वाळीत टाकलं. नंतर तो भिंगं घासून पोट भरायचा. हायडेलबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापकी देऊ केली ती त्यानं नाकारली. एका मित्राच्या घरून वर्षाला ५०० फ्लोरिन देऊ केले तर ३०० पुरतील म्हणाला, असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. परिग्रहाची अशी मर्यादा घालणारे आपल्यात किती निघतील, हे मनातल्या मनात मोजून बघा.

त्याचा 'एथिक्स' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६७७ साली छापला गेला. भूमितीच्या पुस्तकासारखा आहे. आधी व्याख्या, मग गृहीतकं, मग एकेक सिद्धान्त आणि त्याची सिद्धता. ईश्वर म्हणजे जगाबाहेर बसलेला राजा नाही, हे सगळं जे आहे तेच ईश्वर किंवा निसर्ग. राग, लोभ, मत्सर यांच्याकडेही तो रेषा आणि वर्तुळांसारखं बघतो. कषाय कसे बांधतात आणि समज आली की त्यांची पकड कशी सैल होते, हे मला त्याच्याकडूनही शिकता आलं.

आणि त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात तो म्हणतो की प्राणी मारू नयेत हा नियम सुबुद्ध विचारावर उभा नाही, तो पोकळ श्रद्धेवर आणि बायकी दयेवर उभा आहे. प्राण्यांना संवेदना असते हे तो मान्य करतो. पण त्यांचा स्वभाव आपल्या स्वभावाशी जुळत नाही, म्हणून आपल्या सोयीनं त्यांना वापरायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या चरित्रात ३०० फ्लोरिनांची गोष्ट आहे त्यातच, तो विरंगुळा म्हणून कोळ्याच्या जाळ्यात माशा टाकून बघत बसायचा, असंही लिहिलं आहे.

बायकी दया! पुतणी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी चिडेन. मला प्रश्न पडला तो निराळाच. इतका निर्मळ, निर्लोभी, इतका सावकाश विचार करणारा माणूस इथे कसा पोचला?

उत्तर मला कॉलेजात शिकलेल्या तेरीजपत्रकात सापडलं. ज्यांनी कॉमर्स केलं आहे त्यांना आठवेल. खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या बाकी एकत्र मांडायच्या, नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळल्या की तेरीज जुळली. नवखा विद्यार्थी सुटकेचा श्वास सोडतो. आमचे सर मात्र म्हणायचे, तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर आहे असं नाही. दुकानासाठी कपाट घेतलं आणि ते दुरुस्ती खर्चात लिहिलं, तर बेरजा तंतोतंत जुळतील, पण नोंद चुकीच्या खात्यावर गेलेली असेल. याला तत्त्वाची चूक म्हणतात. ती बेरजेत कधीच दिसत नाही. ती शोधायला पहिल्या पानावरच्या नोंदीकडे जावं लागतं.

देकार्त आणि स्पिनोझा यांची बेरीज चुकली नाही. पहिल्याच पानावर बैल चुकीच्या खात्यात लिहिला गेला. देकार्तनं संशय घेत घेत तळाशी जाऊन 'मी विचार करतो' ही नोंद केली. खातं 'विचार' या नावानं उघडलं की ज्याला वाद घालता येत नाही तो आपोआप बाहेर राहतो. स्पिनोझानं जिव्हाळ्याचं खातं 'आपल्यासारखा स्वभाव' या नावानं उघडलं. पुढचं सगळं तर्कशुद्धच.

पण तळाशी आणखीही एक नोंद आहे. मला दुखतंय, यावर संशय घेता येतो का? दाढ ठणकत असताना 'कदाचित मला दुखत नसेल' असं कोणाला म्हणता येईल? ती नोंद विचाराइतकीच पक्की आहे, आणि दाढदुखीत तर विचाराच्याही आधी येते. आपल्या आगमांत अहिंसेची सुरुवात तिथूनच होते. मला दुःख नको आहे हे मला स्वतःपुरतं नक्की माहीत आहे. माझ्यासारखीच लक्षणं जिथे दिसतात तिथेही ते नको असणार. आपल्याकडे जीवाचं लक्षण चेतना आहे. बोलता येणं हे नाही, गणित येणं हेही नाही. म्हणून एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात खालच्या निगोदातल्या जीवाचंही ज्ञान पूर्ण झाकलं जात नाही असं मानतात. यात दया शेवटी वरून शिंपडलेली नाही, ती सुरुवातीच्या नोंदीतच आहे. बैलाच्या मालकानं तेच अनुमान केलं. खांदा सुजला की दुखतं हे त्यांना स्वतःच्या खांद्यावरून ठाऊक. याला बायकी म्हणायचं असेल तर म्हणावं, पण विचारहीन म्हणता येणार नाही.

तिसरा लायब्निझ, १६४६ चा. यानं आकडेमोडीचं यंत्र बनवलं, कॅल्क्युलस शोधलं. त्याचं स्वप्न असं की एक दिवस सगळे वाद आकड्यांत मांडता येतील आणि भांडणारे दोघं कागद घेऊन हिशोबाला बसतील. माझ्यासारखीला हा माणूस आवडणारच. १६७६ मध्ये तो स्पिनोझाला भेटला, आणि त्याच फेरीत डेल्फ्टला लेव्हेनहूक यांनाही भेटला, ज्यांनी आपल्या भिंगातून पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले होते. लायब्निझ म्हणतो, जगात जड असं काहीच नाही. सगळीकडे अगणित जिवंत केंद्रं आहेत, त्यांना तो मोनॅड म्हणतो. पदार्थाचा प्रत्येक कण माशांनी भरलेल्या तळ्यासारखा आहे. प्राण्यांना आत्मा आहे. एकच शहर वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळं दिसतं, तसं प्रत्येक केंद्र हे विश्व आपापल्या जागेवरून बघतं. अनेकांतवाद शिकलेल्या कोणालाही हे जवळचं वाटेल.

पण लायब्निझनं १७१० च्या पुस्तकात असंही मांडलं की ईश्वरानं शक्य त्या सगळ्या जगांतून सर्वांत चांगलं जग निवडलं. जे वाईट दिसतं तेही एकूण हिशोबात लागणारंच होतं. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, लोक सणाच्या प्रार्थनेला जमले असताना. त्यानंतर व्हॉल्टेअरनं १७५९ मध्ये 'कांदीद' लिहून या म्हणण्याची थट्टा केली.

थट्टा माझ्या स्वभावात नाही. पण आमच्याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या पावसात आमच्या छपरावरही रात्रभर धबाधबा पाणी कोसळत होतं. ज्या ठाकर मुलाचे आईवडील गेले, त्याला 'हे सर्वोत्तम जग आहे' असं सांगायला माझी जीभ उचलणार नाही. आणि 'त्यांचं कर्म' एवढं म्हणून हात झटकायलाही ती उचलत नाही. कर्मसिद्धान्त मी मानते. पण तो मला माझ्या वागण्याचा हिशोब ठेवायला दिला आहे, दुसऱ्याच्या दुःखावर शेरा मारायला नाही. केवळज्ञान नसताना दुसऱ्याची खतावणी मी कशाला वाचायला जाऊ? आपल्याला जगाच्या निर्मात्याची बाजू मांडावी लागत नाही, हे मात्र मला मोकळं करणारं वाटतं. मग उरतं ते एवढंच, की मदतीला काय नेता येईल.

आता पुतणीचं उत्तर. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी एका कागदावर तीन रकाने आखले. पहिला, बुद्धीला पटणारं. दुसरा, आगमावरच्या श्रद्धेनं मानलेलं. तिसरा, निव्वळ घरचा रिवाज. मग एकेक नियम योग्य खात्यात टाकायला बसलो. मांसाहार नको, हे पहिल्या रकान्यात; त्यावर तिचा वादच नव्हता. पाणी गाळणं निम्मं पहिल्यात, कारण हलणारे बारीक जीव पाण्यात असतात हे कोणीही भिंगातून बघू शकतं. पाणी स्वतःच अप्काय जीव आहे, हे दुसऱ्यात. ते भिंग दाखवत नाही. एका थेंबात इतके हजार जीव असा जो आकडा मोबाइलवर फिरतो, तो मी कागदावर येऊ दिला नाही. ज्याची पावती नाही ते व्हाउचर मी लावत नाही.

रात्रिभोजन कुठे टाकायचं, यावर आम्ही तासभर बोललो. पूर्वी दिव्यावर पाखरं यायची, अन्नात पडायची. ती म्हणाली, मेसला जाळ्या आहेत, ट्यूब आहे. मी म्हटलं, घाटाच्या पायथ्याशी पहिल्या पावसात पंखाळ्या येतात तेव्हा तुझी ट्यूब काय करते ते ये बघायला. तरी तिचा मुद्दा खरा होता, पुण्यात ते कारण पातळ होतं. मग मी तिला माझं कारण सांगितलं. दिवसाला एक कड असावी आणि ती भूक ठरवणार नाही, मी ठरवीन. एवढा ताबा माझा माझ्यावर आहे हे मला रोज संध्याकाळी कळतं. हे कारण सगळ्यांना लागू होतं असं मी म्हणत नाही. श्रद्धा आहे ती वेगळीच, ती मी दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिली. माझ्याकडे दोन्ही खात्यांत शिल्लक आहे.

ती म्हणाली, "मला दुसरा रकाना आज भरता येणार नाही, काकू." मी म्हटलं, "कोरा ठेव. खोटी नोंद करू नकोस." तिनं ठरवलं की महिन्यातल्या दोन्ही चतुर्दशींना सूर्यास्ताआधी जेवायचं, स्वतःच्या कारणानं, आणि आईला सगळं स्वतःच सांगायचं. दुसऱ्या गोष्टीला जास्त धैर्य लागणार होतं. तिनं सांगितलं. जाऊबाई दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या मते मी मुलीला सूट दिली. त्यांचं दुःख मला कळतं. पण मनात एक आणि ताटात एक ठेवून पाळलेल्या नियमाची तेरीज जुळेलही, त्यातून निर्जरा किती होईल ते मला माहीत नाही.

रॅशनॅलिझमला मराठीत विवेकवाद म्हणतात, हा शब्द मला मनापासून आवडतो. आपल्या घरांत विवेक म्हणजे गॅस पेटवण्याआधी बर्नर पुसणं, पीठ चाळणं, वाटेतली मुंगी बघून पाऊल टाकणं. जयणा म्हणतो तीच. त्या तिघांनी बुद्धीला इतक्या उंचीवर नेलं की बघताना मान दुखावी. त्यांच्याकडून आपण प्रश्न विचारायला शिकावं, आणि आपल्या मुलांनी विचारले तर दारं लावून घेऊ नयेत. फक्त वही उघडताना पहिल्या ओळीवर काय लिहिलं आहे ते नीट बघावं. त्या ओळीत बैलाचा सुजलेला खांदा नसेल, तर पुढे कितीही पानं भरली तरी तो कुठेच सापडत नाही.